घरचं लाकूड

"आधी मला कापा, मग ह्याला करवत लावा!" असं म्हणून सुतारीण लाकडाच्या थप्पीवर जी बसली ती बसलीच.

घरामागची पत्र्याची शेड हाच त्यांचा कारखाना. मधोमध कामाचं जाड टेबल, भिंतीवर करवती, पटाश्या आणि रंधे, कोपऱ्यात सरसाचं भांडं, आणि मागच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली ही थप्पी. उन्हाळा असा तापला होता की पत्रे आपसूक ताडताड वाजत होते. शेतातली ढेकळं फुटून त्यांची माती वाऱ्यावर शेडमध्ये येत होती आणि शेडमधला भुसा वाऱ्यावर शेतात जात होता.

म्हातारा सुतार ताडपत्रीचं टोक हातात धरून उभा होता. माणूस तोंडाचा थंड. त्यांच्या संसारात भांडणं भरपूर झाली, पण ती सगळी तिनं एकटीनं केली. ह्यानं नुसती ऐकली.

"ऊठ," तो म्हणाला.

"नाही उठत."

"अगं, लाकूड आहे ते. लाकडाला काय कळतं?"

"लाकडाला नसेल कळत. मला कळतं ना!"

आता हे लाकूड कुणाचं, ते सांगायला हवं. त्यांचा एकुलता एक मुलगा, बापाच्या हाताखाली तयार झालेला. बांधावरचं जुनं झाड वादळात आडवं झालं, तेव्हा त्यानं ते जळणात जाऊ दिलं नाही. गिरणीवर नेऊन फळ्या पाडून आणल्या, मध्ये पट्ट्या घालून थप्पी लावली आणि अधूनमधून वरच्या खाली, खालच्या वर करत राहिला. कानावरची पेन्सिल काढून प्रत्येक फळीच्या अंगावर लिहून ठेवलं, कुठली पायाला, कुठली पाठीला, कुठली बसायला. "आई, ह्या आपल्या घरच्या खुर्च्या," म्हणायचा. "लोकांना टेबलं-खुर्च्या करून देतो आणि आपण भुईवर गुडघे मोडत जेवतो. हे लाकूड वाळू दे. तुला असं बसवतो की जेवून उठावंसंच वाटणार नाही."

लाकूड वाळलं, पण तो काही राहिला नाही. ऐन पावसात ताप आला, ओढ्याला पाणी चढलं, रस्ता बंद झाला, आणि पाणी उतरेपर्यंत सगळंच संपलं. मागे राहिली म्हातारा-म्हातारी, आणि लग्नाला दोन वर्षंही न झालेली सून.

सुतारणीला वाचता येत नव्हतं. पण कुठल्या फळीवर कुठं पेन्सिलीची खूण आहे, ते तिला तोंडपाठ होतं. ताडपत्री उचलून ती फळ्यांवरची धूळ पुसायची, आणि फडकं खुणेपाशी आलं की बाजूनं वळवायची.

"ओल्या लाकडाची एक खुर्ची करून बघितली," सुतार म्हणाला. "बघितलीस ना तू? पंधरा दिवसांत पाठ वाकडी झाली, सांधे उघडले. दुसरं वाळलेलं लाकूड नाही माझ्याकडे."

"मग गिऱ्हाइकाला सांगा, थांब म्हणावं."

"गिऱ्हाईक थांबेल गं. मलाच थांबायचं नाही."

"का? तुम्हाला कसली घाई सुटलीय?"

सुतारानं ताडपत्रीचं टोक खाली सोडलं. तिच्याकडे न बघता टेबलावरचा भुसा हातानं एका जागी गोळा केला, पुन्हा पसरला.

"खुर्च्या पंपवाल्याच्या घरी जायच्यात," तो म्हणाला. "आणि सूनही तिथंच जायची आहे."

सुतारणीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा तिनं खालची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

पंपवाला नदीपलीकडच्या वस्तीतला. पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. नखांतलं काळं कधी जायचं नाही. आई वारल्यापासून घरात एकटा. हिवाळा सरताना तो पहिल्यांदा शेडमध्ये आला होता.

"चार खुर्च्या हव्यात. जेवायच्या."

"घरात माणसं किती?" सुतारानं विचारलं होतं.

"मीच."

"मग चार कशाला?"

त्यानं डोकं खाजवलं. "एकच केली तर टेबलाशी फार एकटी दिसेल हो. आता तर मी उभ्याउभ्याच जेवतो."

कोपऱ्यात सून काचकागदानं एक पाय घासत बसली होती. तिचा हात थांबला. सुतारणीनं ते बघितलं होतं. पण तिला वाटलं, डोळ्यांत भुसा गेला असेल.

त्यानंतर तो सारखाच यायला लागला. खुर्च्या झाल्या का, लाकूड आलं का, मापं बरोबर आहेत ना. "खुर्ची म्हणजे काय कोंबडीखालचं अंडं आहे का रे, रोज उचलून बघायला?" असं सुतारीण त्याला म्हणायची, तो लाजून हसायचा, आणि वर तीच त्याला चहा करून द्यायची. थप्पीवर बसल्याबसल्या तिला तो एकेक कप आठवला. आपल्याच हातानं आपल्याच घराला भोक पाडलं, आणि वर त्यात साखर घातली!

"तिनं मागितलं का तुमच्याकडे?"

"नाही. मीच विचारलं तिला."

"तुम्ही? बाप ना हो तुम्ही त्याचे?"

"म्हणूनच," सुतार म्हणाला आणि शेडबाहेर गेला.

सून मागच्या दारी कपडे धूत होती. सुतारीण तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. या पोरीवर तिचा जीव होता, तो कुणी नाकारू नये. नवरा गेल्यावर पोरीच्या भावानं येऊन, "आता तुझं घर हेच," असं सांगून पाठ फिरवली होती. ती रडली नाही की भांडली नाही. एक दिवस शेडमध्ये गेली आणि नवऱ्याचा काचकागद उचलून घासायला बसली. पुढं खाचा पाडायला शिकली, रंधा धरायला शिकली. गावात बाया कुजबुजल्या, "सुतारणीची सून म्हणे रंधा मारते!" तेव्हा सुतारीण सगळ्यांना पुरून उरली होती. "मारते! तुमच्या सुना तोंडं मारतात, माझी रंधा मारते!" रात्री दोघी एकाच खोलीत निजायच्या आणि अंधारात त्याच्याच गोष्टी काढायच्या. तो असं म्हणायचा, तो तसं खायचा. सुतारणीला वाटायचं, ही आहे तोवर तो थोडा तरी घरात आहे.

"खरं आहे का गं?" तिनं विचारलं.

सून उठली. हात निथळत राहिले. "मी नाही म्हटलं होतं, आत्या. मामांना दोनदा नाही म्हटलं."

"मग?"

"तिसऱ्यांदा आवाजच निघाला नाही."

"माझा लेक इतक्यात शिळा झाला तुला?"

शब्द तोंडातून सुटला आणि तिला स्वतःलाच लागला. पण सुटलेला शब्द कुणाला आवरतो?

सुनेनं ओले हात पदराला पुसले. मग अगदी हळू म्हणाली, "आत्या, आता त्यांचा चेहरा आठवायला मला डोळे मिटावे लागतात. आधी नव्हते मिटावे लागत. समोरच असायचे. मला भीती वाटते, काही दिवसांनी डोळे मिटूनही दिसले नाहीत तर? मग मी इथं कुणाची म्हणून राहू?"

"माझी म्हणून राहा!" सुतारीण ओरडली. ओरडताना आवाज फाटला. ती वळली आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

त्या दिवसापासून तिनं सुनेच्या हातचं खाणं सोडलं. स्वतः काही शिजवायचं म्हटलं तर चुलीपुढं बसावंसं वाटेना. एखादी कोरडी गोष्ट तोंडात टाकायची, वर पाणी प्यायची. सून ताट वाढून ठेवायची, ते तसंच झाकलेलं राहायचं. सुतार दोघींच्या मधून मान खाली घालून जायचा-यायचा. शेडमध्ये काम बंद. गावाला तर असलं काही हवंच असतं; ज्या बाया कधी उंबऱ्याला उभ्या राहात नव्हत्या, त्या मुद्दाम येऊन "बरी आहेस ना गं?" म्हणून विचारून जायला लागल्या. शेजारीण एकदा म्हणाली, "तुझंच बरोबर आहे. आज सून सोडलीस की उद्या तुम्हाला पाणी कोण देणार?" सुतारणीला बरं वाटायला हवं होतं. पण तिला त्या बोलण्याची किळस आली. आपण काय पाण्यासाठी पोरीला अडवतोय का? आणि पाण्यासाठी नाही तर मग कशासाठी? ह्याचं उत्तर काही तिला सापडेना.

एके दुपारी पंपवाला आला. सुतार बाहेर गेला होता. सुतारीण आतल्या खोलीत पडली होती, खिडकी कुंपणाच्या फाटकाकडे उघडी. तो आत आला नाही. सूनच बाहेर गेली.

"तुम्ही आता येऊ नका," ती म्हणाली. "नाही जमायचं."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. आत्या जेवत नाहीत."

त्यानं फाटकावर हात ठेवला. आता हा काय काय करेल, ते खिडकीआड पडलेल्या सुतारणीच्या मनात येऊन गेलं. हा आता भांडेल, म्हातारीला नावं ठेवेल, मग आपण बाहेर जाऊ आणि ह्याची चामडी लोळवू. ती कोपरावर उठूनसुद्धा बसली.

तो एवढंच म्हणाला, "मग बरोबर आहे. त्यांना आधी जेवू घाला." आणि जाता जाता, "खुर्च्या राहू द्या म्हणावं मामांना. मला उभ्याची सवय आहे."

फाटक वाजलं. सून घरात आली. सुपात धान्य घेतलं आणि भिंतीला टेकून निवडायला बसली, जणू काहीच झालं नाही. सुतारीण दारातून बघत होती. पोर अशी बसली होती, पाठीला बाक काढून, एक पाय लांब करून, तोंड जरासं उघडं. खडा हाताला लागला तरी तो टाकायचं तिच्या लक्षात येत नव्हतं. वय काय तिचं! अजून तिच्या वयाच्या पोरींची लग्नं होत होती गावात. आणि बसणं अगदी म्हातारीचं. सुतारीण ते बसणं ओळखत होती. लेक गेल्यापासून ती स्वतः तशीच बसायची.

लढाई ती जिंकली होती. पण जिंकून हाती आलं काय, तर घरात आणखी एक म्हातारी.

"वाढ गं मला," ती म्हणाली.

सुनेनं वर बघितलं.

"भूक लागलीय. वाढ."

तिनं ताट पुसून घेतलं. जेवण झाल्यावर हात धुतले आणि शेडमध्ये जाऊन आपल्या हातानं ताडपत्री ओढून काढली.

संध्याकाळी सुतार आला तर बायको थप्पीपाशी उभी.

"काढा रंधा," ती म्हणाली. "पण त्यानं पाठीला ठेवलेली फळी पायाला लावाल तर याद राखा. त्यानं लिहिलंय तसंच व्हायला हवं."

सुतारानं भिंतीवरचा रंधा काढला. मग त्यानं सुनेला हाक मारली.

पहिली फळी टेबलावर चढली. "हे काय आहे?" सुतारणीनं खुणेवर बोट ठेवून सुनेला विचारलं. इतके दिवस तिच्या बाजूनं फडकं फिरवलं होतं, पण काय लिहिलंय ते विचारायचं राहिलं होतं.

"पाठ," सुनेनं वाचलं.

सुतारानं रंधा ठेवला आणि तसाच थांबला. आयुष्यात कितीतरी लाकूड तासलं असेल त्यानं, पण तो हात पुढं जाईना. "मला दिसत नाही नीट," तो म्हणाला. खरं तर उजेड भरपूर होता.

शेवटी सुनेनं पुढं होऊन त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून रंधा ढकलला. सर्र करून एक लांब कुरळी साल निघाली. पहिल्याच हाताला अर्धं अक्षर गेलं. दुसऱ्याला उरलेलं. खाली लाकूड निघालं ते मधासारखं, स्वच्छ, जणू त्यावर कुणी कधी काही लिहिलंच नव्हतं.

सुतारीण खाली वाकली. सालींच्या ढिगातून तिनं पेन्सिलीची रेघ असलेली साल शोधून काढली आणि बोटांनी हळूच सरळ करायला गेली. ती मोडली. दुसरी शोधली, तीही मोडली. मग ती तिथंच भुशात बसली आणि म्हणाली, "थांबू नका. एकदम होऊन जाऊ द्या सगळ्या." सुतार आणि सून एकेक फळी घेत राहिले आणि ती खाली बसून बघत राहिली, कुणीही रडलं नाही.

पुढचे दिवस शेडमध्ये नुसतं काम चाललं. पाय कापले, खाचा पाडल्या, त्या खाचांत कुसू ठोकून बसवले. सुतार काटकोनासाठी गुण्या लावून लावून बघायचा. सून घासायची. सुतारीण सरस ढवळायची आणि नेहमीसारखं सगळ्यांना बोलायची. कुणाला ते बोलणं लागत नव्हतं. पाठीचे खांब किती मागं कलते ठेवायचे ह्यावर म्हातारा-म्हातारीचं एकदा जोरदार वाजलं. "तो म्हणायचा, पाठ टेकली की माणसानं सुस्कारा सोडला पाहिजे," ती म्हणाली. सुतारानं सांधा पुन्हा उघडला आणि कल वाढवला. चार खुर्च्या ओळीनं उभ्या राहिल्या. पॉलिश चढलं तसं लाकूड आतून पेटल्यासारखं दिसायला लागलं. सुतारानं एकेक खुर्ची भुईवर दाबून बघितली. एकही डुगली नाही.

पंपवाल्याला निरोप पहिल्याच दिवशी गेला होता; कचेरीतली नोटिशीची मुदत भरली आणि सह्या करून लग्न झालं. पंपवाला टेम्पो घेऊन आला. खुर्च्यांच्या पायांना सुनेच्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या गुंडाळल्या, दोरीनं बांधल्या. गाव आपापल्या दारात उभं होतं.

सून सुतारणीसमोर आली.

"पावसात लाकूड जरा फुगेल," सुतारीण म्हणाली. "घाबरू नकोस. ओल्या भुईवर ठेवू नकोस. ओलं फडकंही लावू नकोस."

"नाही लावणार, आत्या."

"आणि त्याला उभ्यानं जेवू देऊ नकोस."

पोरीनं मान हलवली. तिचा चेहरा तेव्हा असा झाला होता की सुतारीण तिच्याकडं न बघता टेम्पोच्या दोरीची गाठ ओढून बघायला लागली. गाठ पक्कीच होती.

पाऊस पडून गेला, पिकं गुडघ्याएवढी झाली, तेव्हा एकदा सुतारीण नदीपलीकडं गेली. सुतार निघाला नाही. "काम आहे," म्हणाला. तिनंही आग्रह केला नाही. वाट चिखलाची होती; चपला हातात घेऊन ती पोचली.

पंपवाल्याचं घर लहानसंच, पण भिंती नव्यानं रंगवलेल्या. दारात जाईपर्यंत तिला आतून हसणं ऐकू आलं. पंपवाल्यानं काहीतरी सांडलं होतं आणि सून हसत होती, मोठ्यानं, पोट धरून. सुतारीण चिखलात उभी राहून ते ऐकत राहिली. तिच्याकडं असताना ही पोर अशी कधी हसली नव्हती. लेक होता तेव्हा हसायची. अगदी अशीच.

मग तिनं हाक मारली आणि घरात धावपळ झाली. पाय धुवायला पाणी आलं, जेवायला ताटं मांडली.

"बसा, आत्या, बसा," पंपवाल्यानं खुर्ची ओढून दिली. आता तोही तिला आत्याच म्हणायला लागला होता.

ती बसली. आपल्या लेकाच्या खुर्चीवर पहिल्यांदा. पाठ टेकली. तिच्या तोंडून सुस्कारा निघाला, तो तिनं ओठ दाबून अर्ध्यावर गिळला.

सून भात वाढत होती. पंपवाला आपल्या खुर्चीच्या रुंद पाठीवरून तळवा फिरवत होता. "काय खुर्च्या केल्यात हो मामांनी! जो येतो तो विचारतो. इतका पाऊस झाला, पण एक सांधा हलला नाही. एवढं वाळलेलं लाकूड मिळालं कुठून त्यांना? मी हिला विचारलं तर म्हणते, ठाऊक नाही."

सुनेचा हात भाताच्या भांड्यात तसाच राहिला. तिनं सुतारणीकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं, ते सुतारणीशिवाय कुणाला कळलं नसतं. मी सांगितलं नाही, आत्या. सांगायचं तर तुम्ही सांगा.

सुतारणीच्या ओठांवर लेकाचं नाव आलं. या घरात ते अजून कुणी घेतलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा ते या भिंतींना ऐकवावं, असं तिला फार वाटलं. पंपवाला माणूस चांगला होता. ऐकून त्यानं मानही खाली घातली असती. आणि मग रोज जेवताना त्याला ते आठवलं असतं. मघाचं ते हसणं जरा दबकत निघालं असतं.

"घरचंच होतं," ती म्हणाली. "बरेच दिवस पडून होतं. तुमच्या उपयोगी आलं."

"नशीब आमचं," पंपवाला म्हणाला आणि जेवायला लागला.

सुनेनं तिच्या ताटात भात वाढला, आणखी वाढला, वाढतच राहिली. "पुरे गं," सुतारीण म्हणाली, तरी तिचा हात थांबेना. सुतारणीनं हळूच तिचं मनगट धरलं आणि सोडलं. मग दोघी जेवल्या.

परतीच्या वाटेवर कुणी नाही असं बघून ती एका बांधावर बसली आणि मोकळ्या गळ्यानं रडली. पिकातली पाखरं उडाली, पुन्हा येऊन बसली. रडून झाल्यावर तिनं तोंड पुसलं, चपला उचलल्या आणि चालायला लागली.

सुतार शेडच्या दारात उभा होता. दिवसभर काम केल्याचं काही चिन्ह शेडमध्ये दिसत नव्हतं.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"हसते," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग वळून टेबलावर एक लांब फळी चढवायला गेला. एकट्यानं जमेना, एक टोक वर गेलं की दुसरं खाली घसरायचं.

"सोडा, पाडाल पायावर," म्हणत सुतारीण आत आली, चपला कोपऱ्यात टाकल्या आणि फळीचं दुसरं टोक तिनं धरलं.